बिनशर्त काढून घेतलेला दावा

राज्यपाल वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकाने पहिल्या पानावर दोन कॉलम दिले. वकील, नगराध्यक्ष, राज्यपाल असे तीन हुद्दे होते. तिन्ही बरोबर होते, क्रम बरोबर होता आणि फोटोही त्यांचाच होता. घाईत तेवढेही नेहमी जमत नाही. मी तेव्हा निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागेत राहत होतो. सकाळी कचेरीतून फोन आला. नव्या संपादकांनी विचारले, "तुम्ही त्यांना जवळून पाहिलंय ना? तीनशे शब्दांत आठवणी द्या." मी नाही म्हणालो. तीनशे शब्दांत बसण्यासारखे जे होते ते त्यांनी त्या दिवशीच छापले होते.

या अंकाच्या संपादकांनी शब्दांचे बंधन घातलेले नाही. धंद्याबद्दल लिहा, एवढेच सांगितले. माझा धंदा बातमीदारीचा. सत्तरच्या दशकात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली कोर्टे आणि नगरपालिका माझ्याकडे होत्या. काम बाहेरून वाटते त्यापेक्षा साधे असते. सकाळी कोर्टाच्या बोर्डावर त्या दिवशीची प्रकरणे लागतात, ती वाचायची. त्यातले कोणते चालणार आणि कोणत्याला नुसती तारीख पडणार हे बार रूममध्ये चहा पिताना कळते. जे चालणार असेल त्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसायचे. दुपारनंतर मजकूर लिहून पाकीट सांगलीच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. स्टँडवर आमचा माणूस ते उतरवून घेई. माझे पहिले संपादक विशेषणांच्या विरुद्ध होते. "नाव, हुद्दा आणि काय झालं ते लिहा. चांगलं-वाईट वाचक ठरवील," असे ते म्हणत आणि लाल पेन्सिलीने विशेषणे उडवीत. पुढे ती सवयच झाली. या लेखात विशेषण कमी आढळले तर त्याचे कारण ते आहे.

ज्या गावाची ही हकिगत आहे त्याचे नाव देत नाही. सातारा आणि सांगली यांच्या मधले, कृष्णाकाठचे, नगरपालिका असलेले गाव, एवढे पुरे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर अशा गावाला महापौर नसतो, नगराध्यक्ष असतो; काम तेच, गाडी लहान. वकिलांना सगळे दौलतराव म्हणत. आडनाव इथे लागत नाही.

दौलतराव औंधजवळच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले. वकिली सुरू केली साताऱ्यात, जम बसला या गावात. दिवाणी कामात त्यांच्या तोडीचा उलटतपास घेणारा दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नव्हता, असे त्यांचे विरोधक सांगत. आवाज चढवत नसत. साक्षीदाराला "आपण" म्हणत. साक्षीदार सैल झाला की प्रश्न आणखी मऊ होत जात.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिले ते वस्तीच्या दाव्यात. गुळाच्या पेठेमागे नदीच्या बाजूला एक वस्ती होती. बहुतेक घरे बौद्धांची. बायका हळदीच्या वखारीत हळकुंडे निवडायला जात, पुरुष हमाली करत, काही पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. जागा नगरपालिकेची. पेठेत उसाचे आणि गुळाचे ट्रक वाढले तसा व्यापाऱ्यांना वस्तीतून सरळ रस्ता हवासा वाटू लागला. नगरपालिकेने वस्तीला नोटीस काढली. वस्ती दौलतरावांकडे गेली. त्यांनी दावा लावला: या लोकांना हटवू नये म्हणून नगरपालिकेला कायमची मनाई करावी. वादी क्रमांक एक म्हणून नाव घातले ते हौसाबाईंचे.

हौसाबाई त्या वेळी चाळिशीच्या असतील. वखारीत काम करून तळहात कायमचे पिवळे झालेले. नवरा पलटणीतून हवालदार होऊन परतला होता. गावात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, हवालदारच म्हणत. दावा त्याच्या नावाने का नाही, असे मी दौलतरावांना विचारले होते. ते म्हणाले, "हवालदार कुणीही साहेब दिसला की उभा राहतो. उभ्या माणसाची साक्ष चांगली होत नाही. हौसाबाई बसून बोलतात."

दावा लागला की पहिली लढाई तूर्तातूर्त मनाई हुकुमाची असते. मूळ दावा वर्षानुवर्षे चालतो. तोवर आहे तसे राहू द्यायचे की नाही, हे कोर्ट आधी ठरवते. यालाच लोक "स्टे" म्हणतात. एकदा स्टे मिळाला की दाव्याच्या निकालाची घाई वादीला राहत नाही. नगरपालिकेचे म्हणणे असे होते की ही घरे नुकतीच, एका रात्रीत उभी राहिली. त्यांचा ओव्हरसिअर तसे सांगायला उभा राहिला.

दौलतरावांनी विचारले, "आपण गावातले नळ पाहता?"

"होय."

"या वस्तीत नळ आहे?"

"आहे. लिंबाच्या झाडाखाली."

"तो आपण बसवलात?"

"मी नाही. माझ्या आधीचे ओव्हरसिअर होते, त्यांनी."

"म्हणजे आपण नोकरीला लागण्याच्या आधी."

"होय."

"त्या वेळी तिथे घरं नव्हती असं आपलं म्हणणं आहे. मग नगरपालिकेनं तो नळ लिंबाच्या झाडासाठी बसवला का?"

हसू लपवायला न्यायाधीशांनीही मान खाली घातली. स्टे मिळाला. ही माझी त्या वर्षातली सर्वांत जास्त वाचली गेलेली बातमी होती. सांगलीच्या बाजारात लोक एकमेकांना नळाचा प्रश्न विचारत होते.

वस्तीने दौलतरावांना जेवायला बोलावले. ते गेले, हौसाबाईंच्या घरी पाटावर बसून जेवले. गावातला त्यांच्यासारखा माणूस त्या वस्तीत जेवायला बसल्याचे त्याआधी कोणी पाहिलेले नव्हते. वस्तीच्या दृष्टीने तो मनाई हुकुमापेक्षा मोठा प्रसंग होता, हे तिथल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. जेवणाची खबर आमच्या कचेरीला आदल्या दिवशी वकीलसाहेबांच्या कारकुनाकडून मिळाली होती. फोटोग्राफर वेळेवर पोचला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीमुळे दुसरी खोटी ठरते असे मी म्हणत नाही.

त्यानंतर नगरपालिकेची निवडणूक आली. त्या वेळी नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा होता. दौलतराव उभे राहिले. पेठ आधी त्यांच्या विरुद्ध होती, नंतर अर्धी त्यांच्याकडे आली. ती का आली हे मी त्या वेळी विचारले होते. एका अडत्याने सांगितले, "वकील हुशार आहे. हुशार माणूस विरुद्ध असण्यापेक्षा खुर्चीत असलेला बरा." वस्ती तर त्यांची होतीच. शेवटच्या सभेत हौसाबाई स्टेजवर बोलल्या. भाषण असे नव्हतेच. "ह्या मानसानं आमचं घर राखलं. तुमचं बी राखंल," एवढे बोलून त्या खाली उतरल्या. दौलतराव निवडून आले. वस्तीत ढोल वाजला.

इथून पुढची गोष्ट आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. नगराध्यक्ष झाल्यावर दौलतरावांनी वस्तीचे वकीलपत्र सोडले. ते नियमाप्रमाणेच होते. ज्या संस्थेवर दावा आहे तिचाच प्रमुख दावा लावणाऱ्याचा वकील राहू शकत नाही. काम त्यांच्या ज्युनियरने घेतले. दावा मात्र चालू राहिला आणि तो होता "नगरपालिका तर्फे अध्यक्ष" यांच्यावर. अध्यक्ष आता दौलतराव होते.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या पट्टेवाल्याने व्हरांड्यात येऊन पुकारा केला. आधी हौसाबाईंचे नाव, मग "विरुद्ध", मग नगरपालिका तर्फे अध्यक्ष. आणि अध्यक्षांचे नावही त्याने हौसेने जोडले. ते पुकारायचे नसते. व्हरांड्यात बसलेले लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "आगं हौसे, ज्याला निवडून आनलंस त्याच्यावरच केस व्हय गं?"

हौसाबाई व्हरांड्यातून उतरल्या. बाहेर चहाच्या गाड्याजवळ त्या हवालदारावर उखडल्या.

"आवं, हे बरं दिसतंय का? माझ्या नावानं त्यांच्यावर केस. आक्खं कोर्ट हसतंय."

"हसू दे की."

"हसू दे काय? उद्या त्यांचं वैरी म्हनतील, बगा, सोताच्या मानसांचा बी इस्वास न्हाई ह्यांच्यावर."

हवालदाराने थोडा विचार केला. "पलटनीत तर अफसरावर केस घालताच येत न्हाई," तो म्हणाला.

"मग? मी तेच सांगत हाय."

हा विचार त्या वस्तीत कोणी बाहेरून घातला नाही. मी अनेकांना विचारले आहे. ज्याने घरी येऊन जेवण केले, ज्याला आपण निवडून आणले, त्याला कोर्टात समोर उभे करणे हे त्यांना वाईट वर्तन वाटले. आता आपलाच माणूस खुर्चीत आहे, तर केस हवी कशाला, हे त्याला जोडून आले. सातारा-सांगलीकडे माणसे भावाशी वीस वर्षे दावा खेळतात. पण ज्याला एकदा "आपला" म्हटले त्याच्यावर कागद करणे त्यांना जमत नाही. वस्तीची बैठक झाली. दोघे-तिघे तरुण नको म्हणाले. हौसाबाई म्हणाल्या, "माझं नाव हाय वर, मला लाज वाटती." तिथे विषय संपला.

मंडळी दौलतरावांच्या बंगल्यावर गेली. मी नगरपालिकेच्या बातमीसाठी तिथेच बसलो होतो. दौलतरावांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटे नव्हते असे आजही वाटते.

"मी काढा म्हणत नाही," ते म्हणाले. "मी आता तुमचा वकील नाही. मला सल्ला देता येत नाही. तुमचं तुम्ही ठरवायचं."

"आमचं ठरलंया," हौसाबाई म्हणाल्या.

"मग मी काय बोलणार?"

इथे कायद्याची एक बाब समजून घ्यावी लागेल. दावा काढून घेता येतो. पण काढून घेताना कोर्टाकडे मुभा मागावी लागते, की पुढे गरज पडली तर आम्ही पुन्हा दावा लावू. सबळ कारण दाखवावे लागते, पण एरवी वकील ती मागणी केल्याशिवाय राहत नाही. ती मागितली नाही तर त्याच कारणावर परत दावा लावता येत नाही. दावा गेला की त्यातला स्टेही जातो.

ज्या दिवशी दावा काढून घेतला त्या दिवशी कोर्ट भरलेले होते. न्यायाधीशांनी हौसाबाईंना मराठीत विचारले, "बाई, कुणाचा दबाव आहे का?"

"दबाव कसला, साहेब? आमचंच मानूस हाय."

मग न्यायाधीशांनी ज्युनियर वकिलाला इंग्रजीत विचारले, की पुन्हा दावा लावण्याची मुभा हवी आहे का. ज्युनियरने इंग्रजीतच सांगितले, की नको. न्यायाधीशांनी पुन्हा एकदा विचारले. त्याने पुन्हा नको म्हटले. हौसाबाई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होत्या आणि हसत होत्या. बातमीत "वादींनी दावा बिनशर्त काढून घेतला" असे वाक्य होते. ते बरोबर होते. गावात "बिनशर्त" हा शब्द कौतुकाने वाचला गेला. विश्वासाची बातमी म्हणून दुसऱ्या एका दैनिकाने त्यावर अग्रलेख लिहिला.

काही महिन्यांनी पेठेच्या रस्त्याचा ठराव नगरपालिकेच्या सभेपुढे आला. सदस्यांत व्यापाऱ्यांचे बहुमत होते, त्यामुळे आश्चर्य नव्हते. नगराध्यक्ष काय करतात, एवढेच पाहायचे होते. विषय पुकारला गेला तेव्हा दौलतराव उठून उभे राहिले.

"या वस्तीचा मी वकील होतो," ते म्हणाले. "या विषयावर मी बोलणं किंवा मत देणं व्यावसायिक नीतीला धरून होणार नाही. उपाध्यक्षांनी खुर्ची घ्यावी."

ते सभागृहाबाहेर गेले आणि व्हरांड्यात येरझारा घालत राहिले. ठराव मंजूर झाला. विरोधात दोनच हात वर झाले. मग पट्टेवाला त्यांना बोलवायला गेला आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. तो बहुधा कोंडवाड्याचा होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्यांच्या निःस्पृहतेची वाखाणणी झाली. आमच्या दैनिकात ते विशेषण गेले नाही. लाल पेन्सिलवाले संपादक तेव्हा अजून कामावर होते.

मी माझ्या नोकरीत पुष्कळ माणसांना बोलून नुकसान करताना पाहिले. न बोलण्याचा असा नेमका उपयोग करताना मी त्यांनाच पाहिले.

मग आणीबाणी आली. मजकूर छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावा लागू लागला. त्या पहिल्या हिवाळ्यात वस्ती हटवली. सकाळची वेळ होती. बायका वखारीत निघायच्या बेतात होत्या. पोलीस, नगरपालिकेची माणसे आणि दोन ट्रॅक्टर आले. हौसाबाई ट्रॅक्टरपुढे उभ्या राहिल्या.

"आमाला स्टे हाय," त्या म्हणाल्या.

मुख्याधिकारी नवीन होते. त्यांनी फायली पाहिल्या होत्या. "बाई, स्टे दाव्याबरोबर गेला," ते म्हणाले.

"आवं पन साहेबांना विचारा की. अध्यक्षांना."

"अध्यक्ष मुंबईला गेलेत."

"मग त्यास्नी येऊ द्या. त्यास्नी म्हाईत न्हाई हे."

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले. हवालदार बाजूला ताठ उभा होता. पोलीस निरीक्षकाने त्याला "बाईंना बाजूला घ्या" असे सांगितले आणि त्याने ते ऐकले. ते मी पाहिले आहे आणि त्याबद्दल हौसाबाई त्याला पुढे आयुष्यभर बोलल्या. दुपारपर्यंत जागा मोकळी झाली. माझी बातमी दाखवायला गेली आणि परत आली नाही. तिच्या जागी "गुळपेठेच्या रस्त्याचे काम सुरू" अशी चार ओळींची बातमी लागली.

वस्तीला गावाबाहेर, ओढ्यापलीकडे जागा मिळाली. पावसाळ्यात ओढा भरला की बायकांची वखारीतली रोजी बुडे. नव्या वकिलाकडे मंडळी गेली. त्याने फाइल वाचून हात जोडले. तीच जागा, तेच कारण, दावा लागणार नाही. त्या काळात लावायची कोणाची छातीही नव्हती. आणीबाणी संपायच्या आत दौलतरावांची देशाच्या दुसऱ्या टोकाच्या एका लहान राज्याचे राज्यपाल म्हणून नेमणूक झाली. नेमणूक कशी होते, हे वाचक नेहमी विचारतात. उत्तर साधे आहे. वर ज्यांना माणूस हवा असतो त्यांना अडचण न करणारा माणूस हवा असतो, आणि त्याचे नाव चांगले असावे लागते. दौलतरावांचे नाव चांगले होते. गावाने त्यांची मिरवणूक काढली. ती नव्या रस्त्याने गेली.

ओढ्यापलीकडे हौसाबाईंचे दिवस कसे जात होते हे मला अधूनमधून कळे. पाणी भरताना बायका तोंडावर बोलत. "तुज्या साहेबानं आमास्नी हितं आनून टाकलं." त्यांचे एकच उत्तर असे: साहेबांना ठाऊक नव्हते. ते मुंबईला होते. त्यांच्या मागे त्यांच्या माणसांनी केले. कोर्टात त्या पोरसवदा वकिलाने घोळ घातला. साहेब असते तर झाले नसते. वर्षे गेली तरी त्या हेच सांगत होत्या. सांगितले नसते तर वस्ती मोडली ती हौसाबाईंच्या एका शब्दावर, एवढेच उरले असते.

दशक संपता संपता राज्यपाल एकदा सुट्टीवर आले आणि कुलदैवत म्हणून औंधला यमाईच्या दर्शनाला गेले. मी बातमीसाठी गेलो होतो. डोंगराच्या पायथ्याशी गर्दी होती, आणि गर्दीच्या कडेला हौसाबाई आणि हवालदार उभे होते. हवालदाराने जुना, इस्त्री केलेला खाकी शर्ट घातला होता.

"वर चला की दर्शनाला," मी म्हणालो.

"आमी देवळात जात न्हाई, भाऊ," हौसाबाई म्हणाल्या. "आमचं काम त्यांच्याकडं हाय, देवीकडं न्हाई."

काम असे होते: साहेबांनी परत केस घालावी. नवा वकील नको म्हणतो, पण साहेबांना वाट सापडेल. दाव्याचे काय झाले ते त्यांना कळले की ते गप्प बसणार नाहीत.

दर्शनानंतर राज्यपाल विश्रामगृहात थांबले. दारावर पोलिसांनी दोघांना अडवले. तेवढ्यात राज्यपालांबरोबरचा लष्करी अधिकारी बाहेर आला. हवालदाराच्या टाचा आपोआप जुळल्या आणि हात कपाळाला गेला. अधिकारी थांबला.

"कौनसी पलटन?"

हवालदाराने पलटण सांगितली, कंपनी सांगितली. अधिकारी दोघांना स्वतः आत घेऊन गेला. आम्ही दोन बातमीदार मागोमाग गेलो. कोणी अडवले नाही.

दौलतराव खुर्चीतून उठले. वजन वाढले होते, आवाज तोच होता. "हौसाबाई," त्यांनी लगेच ओळखले. "कशा आहात?"

"बरं हाय. तुमचं?"

"ठीक."

"साहेब, परत केस घालायची. तुमी घाला."

ते हसले. "राज्यपालाला वकिली करता येत नाही, बाई."

"मग कवा सुटनार तुमी हितनं?"

खोलीत हशा झाला. त्यांनाही हसू आले. हौसाबाई हसल्या नाहीत, उत्तराची वाट पाहत राहिल्या. तेव्हा ते गंभीर झाले.

"सुटलो तरी उपयोग नाही," ते म्हणाले. "दावा काढून घेताना परत लावायची मुभा मागितली नव्हती. आता तो लागत नाही."

"त्या तुमच्या पोरानं मागितली न्हाई. त्याला कळलं नसंल."

खोटे बोलायला इतकी सोपी जागा हौसाबाईंनी दौलतरावांना करून दिली होती. माझ्या समजुतीप्रमाणे ते उभ्या आयुष्यात उघड खोटे कधी बोलले नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत.

"त्याला मीच सांगितलं होतं, मागू नकोस म्हणून."

"का?"

"मुभा मागितली असती तर अर्थ काय झाला असता? माझ्याच लोकांचा माझ्यावर भरवसा नाही. विरोधकांनी तेच धरलं असतं. चांगलं दिसलं नसतं ते."

हौसाबाईंनी हे पूर्ण ऐकून घेतले. मग विचारले, "आन रस्त्याचं? ते बी तवा ठावं हुतं?"

"पेठेची मागणी जुनीच होती. ठाऊक होतंच." आणि मग त्यांनी पुढे जोडले, "पण मी त्या ठरावाला मत दिलं नाही, हौसाबाई. हे लक्षात घ्या."

"व्हय," हौसाबाई म्हणाल्या. "तुमचं नाव राखलंसा."

अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिले. हवालदाराने पुन्हा सलाम केला. त्याला कोणीतरी प्रसादाचा नारळ दिला आणि तो त्याने दोन्ही हातांनी घेतला. दोघे बाहेर पडले. आम्हांला निघताना छापील प्रसिद्धीपत्रक मिळाले. त्यात राज्यपालांनी जुन्या पक्षकारांची आस्थेने विचारपूस केल्याचे वाक्य आधीच होते. पत्रक आदल्या दिवशी तयार झालेले असणार. अशी ती नेहमीच असतात. मी आतले संभाषण लिहून पाठवले. छापून आले ते पत्रक.

संध्याकाळच्या एसटीत मला त्यांच्या मागच्या बाकावर जागा मिळाली. हवालदाराच्या मांडीवर नारळ होता.

"हौसा," तो म्हणाला, "वस्तीत काय सांगायचं?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवले.

"असं करू. म्हनायचं, लय गर्दी हुती, साहेबांची गाठच पडली न्हाई. तुजं बी ऱ्हातंय, त्यांचं बी ऱ्हातंय."

गाडी एका फाट्यावर थांबली. माणसे चढली, कंडक्टरने घंटी मारली.

"न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "गाठ पडली म्हनून सांगायचं. त्यास्नी समदं ठावं हुतं म्हनून सांगायचं."

"आगं, मग लोक तुला काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते म्हनतील. पानी भरताना ऐकून घेईन." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "इतकी वर्सं त्यांच्यासाठी ऐकलं, आता माज्यासाठी ऐकते."